भिंग परदेशी, पेटी देशी : कुरुंदवाड ते कोल्हापूर पट्ट्यातील लेन्सच्या पुनर्वापराचा इतिहास

छायाचित्रणाच्या साधनांमध्ये पेटी आणि लेन्स यांचे आयुर्मान कधीच सारखे नव्हते. पेटी, म्हणजे बाहेरचा प्रकाश अडवून फिल्म किंवा संवेदक एका जागी धरून ठेवणारा कॅमेऱ्याचा सांगाडा, दर पिढीला बदलत गेली. लेन्स, म्हणजे धातूच्या नळीत नेमक्या अंतरांवर बसवलेला भिंगांचा संच, मात्र नीट जपली तर साठ-सत्तर वर्षांनंतरही चोख काम देते, कारण तिच्यात झिजण्यासारखे फारसे काही नसते. त्यामुळे एका पेटीसाठी घडवलेली लेन्स दुसऱ्या पेटीवर चढवण्याचा उद्योग छायाचित्रणाइतकाच जुना आहे. हाताने फोकस करायच्या जुन्या लेन्स जोडकडी लावून आजच्या डिजिटल कॅमेऱ्यावर बसवण्याची जी हौस २०१० नंतर जगभर फोफावली, तिला अनेकजण नवे खूळ समजतात. परंतु दक्षिण महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर इथल्या चित्रपटाचा जन्मच अशा जोडाजोडीतून झाला आहे. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळचे कुरुंदवाड आणि तिथून सुमारे पन्नास किलोमीटरवरचे कोल्हापूर यांच्या परिसरात पेटी घडवणारे हात होते आणि भिंग मात्र नेहमी बाहेरून येत राहिले. त्या तफावतीतून जी कारागिरी निर्माण झाली, तिचा मागोवा इथे घेतला आहे.

कुरुंदवाड हे पटवर्धनांच्या संस्थानांपैकी एक. १८५४ मध्ये त्याची थोरली पाती आणि धाकटी पाती अशी वाटणी झाली आणि ८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेतील इतर लहान संस्थानांबरोबर ते मुंबई प्रांतात विलीन झाले. सांगली, मिरज, जमखिंडी, कुरुंदवाड अशा या लहान-लहान राजवटींचा मुलूख तुकड्यातुकड्यांनी विखुरलेला होता, उत्पन्न बेताचे होते. पण दरबारच्या पदरी कसबी माणसे ठेवण्याची हौस मात्र त्या मानाने मोठी होती. परदेशी वस्तू पाहायची, तिचे मर्म ओळखायचे आणि ती आपल्या हाताने पुन्हा उभी करायची, ही वृत्ती या आश्रयाखाली वाढली. कुरुंदवाड दरबारचा आश्रय लाभलेले अश्वविद्येतील जाणकार विष्णुपंत छत्रे यांनी मुंबईत आलेल्या कियारिनी या इटालियन गृहस्थाच्या सर्कशीचे खेळ पाहून १८८० मध्ये स्वतःची सर्कस उभारली, ती याच वातावरणात. जवळच्या मिरजेत हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तंबोरे आणि सतारी बनवायला घेतल्या आणि पुढे मिरजेचा तंबोरा देशभर गेला. सर्कस आणि तंबोरा यांचा लेन्सशी थेट संबंध नाही, हे उघड आहे. तरीही हाताशी असलेले कसब एका वस्तूवरून दुसरीवर वळवण्याची सवय या मुलखाला होती आणि कॅमेऱ्याच्या इतिहासात तीच उपयोगी पडली.

भिंगाच्या बाबतीत मात्र ही सवय एका मर्यादेपलीकडे चालली नाही आणि त्याचे कारण काचेच्या रसायनात आहे. महाराष्ट्रात काच बनत नव्हती असे नाही. तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ मध्ये सुरू झाला आणि १९१६ मध्ये औंध संस्थानच्या मुलखात, कऱ्हाडजवळ ओगलेवाडीला ओगले काच कारखाना उभा राहिला, ज्याचे ‘प्रभाकर’ कंदील पुढे घरोघरी पोहोचले. कुरुंदवाडच्या घाटाला लागणारे कृष्णेचे पाणी कऱ्हाडवरूनच खाली येते. तेव्हा नदीच्या वरच्या अंगाला काचेची भट्टी धगधगत असताना खालच्या अंगाच्या गावांना भिंग मात्र विलायतेहून आणावे लागत होते. कंदिलाच्या काचेने उष्णता सोसली आणि उजेड बाहेर जाऊ दिला की तिचे काम झाले. तिच्यात एखादा बुडबुडा किंवा फिकट हिरवी झाक राहिली तरी कोणाचे अडत नाही. लेन्ससाठी लागणाऱ्या प्रकाशीय काचेत मात्र संपूर्ण गोळ्याचा अपवर्तनांक, म्हणजे काचेत शिरताना प्रकाशकिरण किती वळतो हे सांगणारा आकडा, इथून तिथून एकच असावा लागतो. त्यासाठी वितळलेला रस सतत ढवळावा लागतो आणि तो अतिशय सावकाश, कित्येक दिवस घेऊन निववावा लागतो. निवताना घाई झाली तर काचेत ताण राहतो आणि प्रतिमा फाटते. हे तंत्र जर्मनीतील येना येथे १८८४ मध्ये स्थापन झालेल्या शॉट यांच्या कारखान्याने शास्त्रशुद्ध पायावर आणले आणि पहिले महायुद्ध सुरू होताच खुद्द इंग्लंडलाही दुर्बिणींसाठी लागणाऱ्या काचेचा तुटवडा जाणवू लागला, इतके ते मोजक्या हातांत होते. भारतात प्रकाशीय काच बनवण्याचे काम कोलकात्याच्या केंद्रीय काच व मृत्तिका संशोधन संस्थेने स्वातंत्र्यानंतर हाती घेतले. तोवर, आणि छायाचित्रणाच्या लेन्सपुरते त्यानंतरही, या देशातला प्रत्येक कॅमेरा परदेशी डोळ्यानेच पाहत होता.

या मर्यादेत राहून काय साधता येते, हे कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी दाखवले. १८९० मध्ये जन्मलेले बाबूराव कृष्णराव मेस्त्री हे सुतारकाम, लोहारकाम, चित्र आणि शिल्प एकाच घरात चालणाऱ्या कुटुंबातले. बंधू आनंदराव पेंटर यांच्याबरोबर ते नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत असत आणि त्यावरूनच दोघांनाही ‘पेंटर’ हे नाव चिकटले. ३ मे १९१३ रोजी मुंबईत दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाल्यानंतर या दोघांनी चित्रपट काढण्याचे मनावर घेतले. फाळके यांनी त्याच्या आदल्या वर्षी लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणला होता. पेंटर बंधूंकडे तसा कॅमेरा आणण्याइतका पैसा नव्हता आणि लवकरच युद्धामुळे असला माल मिळणेही दुरापास्त झाले. त्यांनी जुना प्रोजेक्टर, म्हणजे पडद्यावर चित्रपट दाखवण्याचे यंत्र, मिळवला आणि त्याच्या अभ्यासातून कॅमेरा घडवण्याचा खटाटोप सुरू केला. १९१६ मध्ये आनंदरावांचे निधन झाले. तरीही काम थांबले नाही. विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने बाबूरावांनी १९१८ मध्ये कॅमेरा पूर्ण केला. तानीबाई कागलकर यांच्या भांडवलावर उभ्या राहिलेल्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पडद्यावर आला, तो याच खटपटीचे फळ होता. कोल्हापुरात खरी कॉर्नरला उभा असलेला कॅमेऱ्याचा स्तंभ त्या कामगिरीची आठवण म्हणून दाखवला जातो.

प्रोजेक्टर पाहून कॅमेरा करता येतो, याचे कारण दोन्ही यंत्रे एकाच तत्त्वावर चालतात. ल्युमिएर बंधूंचे १८९५ चे सिनेमॅटोग्राफ हे यंत्र तर चित्रण आणि प्रदर्शन ही दोन्ही कामे करत असे. प्रोजेक्टरमध्ये मागे दिवा असतो, फिल्मवरची प्रतिमा लेन्समधून बाहेर पडते. कॅमेऱ्यात दिव्याच्या जागी काळोख असतो आणि बाहेरचे दृश्य त्याच वाटेने आत येऊन फिल्मवर उमटते. दोन्हींत पस्तीस मिलिमीटर रुंदीची फिल्म एकसारखी सरकत नाही. कडेच्या चार छिद्रांइतकी, म्हणजे सुमारे १९ मिलिमीटर, ती एका झटक्यात खाली येते, क्षणभर निश्चल उभी राहते आणि पुन्हा सरकते. हातदांड्याच्या एका फेऱ्यात आठ चौकटी आणि सेकंदाला दोन फेरे, असा मूकपटांच्या काळातला सर्वसाधारण हिशेब होता. चौकट प्रत्येक वेळी नेमक्या त्याच जागी थांबली नाही, तर पडद्यावरचे चित्र थरथरते. प्रोजेक्टरमध्ये ही चूक डोळ्यांना दिसते आणि दुरुस्त करता येते. कॅमेऱ्यात ती फिल्म धुऊन होईपर्यंत लपून राहते. शिवाय कॅमेऱ्याची पेटी प्रकाशबंद असावी लागते आणि कच्ची फिल्म आत भरलेली असताना आतले काहीच पाहता येत नाही. हातमापाच्या कामातून आलेल्या माणसांनी हे साधले यातच त्या कॅमेऱ्याचे मोठेपण आहे. ‘संपूर्ण स्वदेशी कॅमेरा’ असे त्याचे वर्णन गौरवग्रंथांत वारंवार येते. ते उत्साहाच्या भरात केलेले आहे आणि बाबूरावांच्या कामाचा खरा कस ते झाकून टाकते. यंत्रणा इथली होती. भिंगाची काच इथली असणे त्या काळी शक्यच नव्हते. दुसऱ्या कोणी, दुसऱ्या कामासाठी घडवलेली लेन्स आपल्या पेटीत फिल्मच्या पातळीपासून नेमक्या किती अंतरावर बसवायची, हा प्रश्न या कॅमेऱ्याच्या निर्मात्यांना सोडवावा लागला असणार आणि जुन्या लेन्सच्या आजच्या शौकिनांपुढचा प्रश्न शब्दशः तोच आहे.

स्थिरचित्रणाच्या क्षेत्रात हा प्रश्न त्याआधी इतका बिकट नव्हता. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या पहिल्या पिढीतले. त्या काळचा कॅमेरा म्हणजे दोन लाकडी चौकटी आणि त्यांना जोडणारा घडीचा चामडी भाता. पुढच्या चौकटीत एक सुटी फळी सरकवून बसवत, तिच्या मध्यावर भोक पाडून लेन्स स्क्रूने आवळत; लेन्स बदलायची असेल, तर नव्या मापाचे भोक पाडलेली दुसरी फळी घालायची. भाता हवा तितका मागे-पुढे करता येत असल्याने लेन्स आणि चित्र टिपणारी काचपट्टी यांमधील अंतराचे बंधनच नव्हते. व्हिएन्नातील योझेफ पेट्झवाल यांनी १८४० मध्ये गणिताने आखलेली व्यक्तिचित्रणाची पितळी लेन्स अशा फळ्यांवरून जगभर फिरली आणि तिचीच रचना पुढे जादूच्या कंदिलात आणि सिनेमाच्या प्रोजेक्टरमध्ये शिरली. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने जे काचचित्रांचे खेळ सुरू केले, ते या कंदिलाचेच. चित्र घेणारी आणि चित्र फेकणारी लेन्स यांच्यातली सीमारेषा अशी सुरुवातीपासूनच पुसट होती.

संस्थानी गावांतल्या स्टुडिओंमध्ये हा भात्याचा कॅमेरा विसाव्या शतकात बराच काळ टिकला. सागवानी कॅमेरे भारतात उत्तम बनत. केरळात आलाप्पुळा येथे बनणारा ‘वागीश्वरी’ हे त्यांतले सर्वांत गाजलेले नाव. सुतार पेटी आणि फळी दोन्ही करू शके, भाता शिवता येई, पितळी कड्या कासारही ओतून देई. ज्या गावात लग्नाचे, मुंजीचे, शाळेच्या वर्गाचे आणि नरसोबाच्या वाडीला आलेल्या यात्रेकरूंचे फोटो काढण्यावर स्टुडिओचा प्रपंच चाले, तिथे लेन्स हीच खरी भांडवली वस्तू होती. ती वडिलांकडून मुलाकडे जाई, दुकान विकताना तिचा भाव वेगळा ठरे आणि पेटी मोडली तरी ती नव्या फळीवर चढे.

अडचण सुरू झाली ती कॅमेरा लहान झाल्यावर. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या स्थिरचित्रण कॅमेऱ्यातून भाता गेला आणि लेन्स थेट धातूच्या बैठकीवर बसू लागली. या बैठकीच्या पुढच्या कडेपासून फिल्मपर्यंतच्या अंतराला फ्लँज अंतर म्हणतात; ते प्रत्येक कंपनीने आपापल्या सोयीने ठरवले आणि त्याबरोबर एका कंपनीच्या लेन्सला दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्याचे दार बंद झाले. याला मोठा अपवाद म्हणजे ४२ मिलिमीटर व्यासाची आणि एक मिलिमीटर अंतराच्या आट्यांची स्क्रू बैठक, जी ‘एम-४२’ या नावाने ओळखली जाते. ड्रेस्डेनमध्ये १९४९ मध्ये आलेल्या काँटॅक्स एस या कॅमेऱ्यावरून ती पूर्व जर्मनीच्या प्राक्टिकावर, सोव्हिएत झेनिटवर आणि जपानच्या पेंटॅक्सवर गेली. स्वातंत्र्यानंतरच्या आयात परवान्यांच्या काळात भारतीय ग्राहकाला जपानी कॅमेरा महाग आणि दुर्मीळ होता. सोव्हिएत संघ आणि पूर्व जर्मनी यांच्याशी चालणाऱ्या रुपयातील व्यापारामुळे झेनिट आणि प्राक्टिका मात्र त्या मानाने आवाक्यात आले. झेनिटबरोबर येणारी ‘हेलिऑस-४४’ ही ५८ मिलिमीटरची लेन्स त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या कपाटांत अजूनही सापडते. तिची रचना झाइस या जर्मन कंपनीच्या युद्धपूर्व ‘बायोटार’ या लेन्सवरून घेतलेली आहे, म्हणजे तीही मुळात एका देशातून दुसऱ्यात स्थलांतरित झालेलीच वस्तू आहे.

या लेन्सना अडगळीत ढकलले ते स्वयंचलित फोकसने. १९८५ मध्ये मिनोल्टाने आणि १९८७ मध्ये कॅननने नव्या बैठकीचे कॅमेरे बाजारात आणले, लेन्समध्ये किंवा कॅमेऱ्यात मोटार आली आणि हाताने फिरवायच्या लेन्सची किंमत उतरली. डिजिटल कॅमेऱ्यांच्या पहिल्या लाटेनेही त्यांना फारसा हात दिला नाही, कारण त्या कॅमेऱ्यांत लेन्स आणि संवेदक यांच्या मध्ये दृश्य वरच्या डोळखिडकीकडे वळवणारा आरसा होता आणि त्याला उघडझाप करायला जागा लागत असल्याने फ्लँज अंतर मोठेच राहिले. हे अंतर निकॉनमध्ये ४६.५ मिलिमीटर आहे आणि एम-४२ मध्ये ४५.४६. म्हणजे एम-४२ ची लेन्स निकॉनवर नीट बसायची, तर ती बैठकीच्या सुमारे एक मिलिमीटर आत शिरायला हवी, जे शक्य नसते. मध्ये एक दुरुस्तीचे भिंग घालून हा एक मिलिमीटर भरून काढणाऱ्या कड्या निघाल्या, पण त्या भिंगाने मूळ लेन्सचा गुणच मारला जाई. कॅननच्या १९८७ नंतरच्या बैठकीचे अंतर ४४ मिलिमीटर असल्याने तिथे दीड मिलिमीटरहून थोड्या कमी जाडीची कडी पुरे.

२००८ मध्ये पॅनासॉनिकने लेन्स बदलता येणारा पण आरसा नसलेला कॅमेरा आणला, २०१० मध्ये सोनीने आणि २०१८ मध्ये निकॉन व कॅनन यांनी आपल्या मोठ्या संवेदकाच्या कॅमेऱ्यांत तोच मार्ग धरला. आरसा गेल्यावर फ्लँज अंतर सोनीत १८, कॅननमध्ये २० आणि निकॉनमध्ये १६ मिलिमीटरवर आले. आता जुन्या लेन्सला आत शिरण्याची गरज उरली नाही. उलट तिला पुढे रेटून धरणारी पोकळ नळी हवी होती. सोनीच्या कॅमेऱ्यावर हेलिऑस बसवायची, तर ४५.४६ मधून १८ वजा करून उरणारे २७.४६ मिलिमीटर इतक्या लांबीची नळी, जिच्या एका टोकाला एम-४२ चे आटे आणि दुसऱ्या टोकाला कॅमेऱ्याच्या बैठकीत फिरून अडकणारे तीन दाते. यालाच अडॅप्टर म्हणतात. त्यात काच नसते, वायर नसते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात इंजिनांचे सुटे भाग कातणाऱ्या कोणत्याही लेथवाल्याला हे काम अवघड नाही, फक्त त्याला शेवटच्या दशांशाचे महत्त्व पटवून द्यावे लागते.

हे महत्त्व साध्या गणिताने कळते. लेन्स अनंतावर, म्हणजे नजरेच्या टप्प्यातल्या सर्वांत दूरच्या वस्तूवर, लावली असता नळी मापापेक्षा एक दशांश मिलिमीटरने लांब झाली, तर ५८ मिलिमीटरच्या लेन्सचा फोकस सुमारे ३४ मीटरच्या पुढे जात नाही. अशी नळी लावून कुरुंदवाडच्या घाटावरचे जवळचे माणूस उत्तम टिपता येईल. पण लेन्समधील प्रकाशाचे छिद्र पूर्ण उघडे असताना संगमापलीकडचा तीर काही केल्या स्वच्छ येणार नाही आणि छायाचित्रकार लेन्सला किंवा स्वतःच्या डोळ्यांना दोष देत बसेल. म्हणून बाजारात मिळणाऱ्या बहुतेक नळ्या मुद्दाम किंचित आखूड ठेवतात. मग लेन्सवरची अनंताची खूण येण्याआधीच फोकस अनंतावर पोहोचतो, अंतराचे आकडे खोटे ठरतात, पण काही गमवावे लागत नाही. काटेकोर माणूस अशा नळीच्या आत पातळ पितळी पत्र्याच्या चकत्या घालून माप जुळवतो. ही चकतीची युक्ती इंजिनच्या कामात रोजची असल्याने दक्षिण महाराष्ट्रातल्या कारागिराला ती शिकवावी लागत नाही.

लेन्स बसली तरी कॅमेऱ्याला ती दिसत नाही. दोघांत विजेचा संपर्क नसल्याने तिथे लेन्सच नाही असे कॅमेरा मानतो आणि शटर उघडायला नकार देतो. त्यासाठी लेन्सविना चित्र घेण्याची परवानगी त्याच्या यादीतून द्यावी लागते. अ‍ॅपर्चर, म्हणजे धातूच्या पाकळ्यांनी लहान-मोठे होणारे छिद्र, लेन्सवरच्या कडीने हातानेच फिरवायचे. नंतरच्या काळातल्या एम-४२ लेन्सच्या मागच्या बाजूला एक बारीक खिळा असतो. मूळ कॅमेरा चित्र घेण्याच्या क्षणी तो दाबी आणि तेव्हाच पाकळ्या मिटत. डिजिटल कॅमेऱ्यात तो दाबणारे कोणी नसते, म्हणून नळीच्या आत एक पट्टी काढून तो कायमचा दाबलेला ठेवावा लागतो. हेलिऑसच्या ४४-२ या आवृत्तीत मात्र खिळाच नाही. तिला दोन कड्या आहेत, एक छिद्राचा आकडा ठरवण्यासाठी आणि दुसरी उघड्या छिद्रावर फोकस करून झाल्यावर ठरलेल्या आकड्यापर्यंत ते मिटवण्यासाठी. जुन्या काळी गैरसोयीची मानली गेलेली ही रचना आज सर्वांत सोयीची ठरते. फोकससाठी कॅमेऱ्याच्या पडद्यावर दृश्याचा भाग मोठा करून पाहता येतो किंवा स्पष्ट कडांवर रंगीत रेघ उमटवून घेता येते. या दुसऱ्या सोयीवर फार विसंबू नये, कारण उघड्या छिद्रावर ती पापणी आणि भुवई दोन्ही स्पष्ट असल्याचे बिनदिक्कत सांगते.

एवढी यातायात लोक कशासाठी करतात, याची दोन उत्तरे आहेत आणि त्यांतले पहिले, पैशाचे, अधिक प्रामाणिक आहे. दुसरे उत्तर चित्राच्या पोताचे. भिंगांच्या पृष्ठावरून होणारे प्रकाशाचे परावर्तन रोखणारा अतिसूक्ष्म लेप झाइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये शोधला. त्यापूर्वीच्या लेन्सवर लेप नाही आणि नंतरच्या अनेक लेन्सवर तो एकपदरी आहे, त्यामुळे समोरून ऊन आले की चित्रावर धूसर पांढुरका पडदा येतो. हेलिऑसच्या चित्रात पार्श्वभूमीची पाने विषयाभोवती भोवऱ्यासारखी फिरलेली दिसतात. लेन्सच्या नळीने कडेचा तिरका प्रकाश कापल्यामुळे आणि आखणीत राहून गेलेल्या दोषांमुळे हे घडते. तिच्या आखणीकाराला संधी मिळाली असती, तर त्याने ते काढून टाकले असते. नव्या पिढीने त्या दोषाला शैलीची प्रतिष्ठा दिली आहे. फुलांपुरते ते शोभते. घाटाच्या पायऱ्या आणि दगडी बांधकाम यांच्या चित्रणात मात्र कडेच्या सरळ रेषांचा तपशील विरघळून जातो, ही गोष्ट जुन्या लेन्सचे भाट क्वचितच सांगतात.

कुरुंदवाडच्या परिसरात या छंदाचा खरा शत्रू वेगळाच आहे. दोन नद्यांच्या कुशीतल्या या गावांत पावसाळाभर हवा ओलसर राहते. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी इथल्या शिरोळ तालुक्याची वाताहत केली आणि ज्या घरांत पाणी शिरले नाही, तिथल्या कपाटांतही ओल बरेच दिवस मुरून राहिली. हवेतील आर्द्रता दीर्घकाळ सत्तर टक्क्यांच्या वर राहिली, की लेन्सच्या आत बुरशी धरते. भिंगाच्या कडेकडून आत सरकणाऱ्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या पांढऱ्या तंतूंनी ती ओळखू येते. तिचे बीजाणू हवेत असतातच. बोटांच्या ठशांतील तेल, धूळ आणि नळीतील वंगण यांवर ती पोसते. ती बाहेर टाकत असलेल्या आम्लाने आधी लेप आणि मग काच खरवडली जाते. वेळीच लक्षात आले, तर लेन्सच्या पुढच्या अंगाची नाव कोरलेली कडी रबराच्या बुचाने फिरवून काढावी, भिंगांचा क्रम आणि प्रत्येकाची फुगीर बाजू कोणती हे कागदावर टिपून घ्यावे आणि हायड्रोजन पेरॉक्साइड व अमोनिया यांच्या सौम्य मिश्रणाने एकेक भिंग पुसावे, अशी दुरुस्ती करणाऱ्यांची पद्धत आहे. जोडभिंगे, म्हणजे कॅनडा बाल्सम या पारदर्शक राळेने एकमेकांना चिकटवलेली भिंगे, या द्रावणात बुडवत नाहीत. बुरशी त्या जोडाच्या आत शिरली असेल, तर लेन्स बहुधा गेलीच. तांदळाच्या डब्यात लेन्स ठेवण्याचा घरगुती उपाय ओल कमी करतो आणि पिठूळ धूळ वाढवतो. सिलिका जेलच्या पुड्या घातलेला हवाबंद डबा त्यापेक्षा बरा. काही जपानी लेन्समध्ये, उदाहरणार्थ पेंटॅक्सच्या ५० मिलिमीटरच्या एका ‘सुपर टाकुमार’ आवृत्तीत, अपवर्तनांक वाढवण्यासाठी काचेत थोरियम हे किरणोत्सर्गी मूलद्रव्य मिसळलेले असते आणि त्यामुळे ती काच वर्षानुवर्षांत पिवळी पडते. हा पिवळेपणा मात्र उन्हात ठेवून बराचसा घालवता येतो. उन्हातील अतिनील किरण ते काम करतात आणि बुरशीलाही ऊन मानवत नाही.

गेल्या काही वर्षांत या व्यवहारात एका नव्या जुन्या वस्तूची भर पडली आहे. २०१० नंतर चित्रपटगृहांत डिजिटल प्रक्षेपण आले, फिल्मचे प्रोजेक्टर भंगारात निघाले आणि त्यांच्या लेन्स सुट्या विकल्या जाऊ लागल्या. या लेन्स मोठ्या, जड आणि चित्रणाच्या लेन्सपेक्षा पुष्कळ स्वस्त असतात. आजच्या कॅमेऱ्यावर त्या चढवणे म्हणजे बाबूरावांच्या काळी प्रोजेक्टरवरून कॅमेऱ्याकडे झालेला प्रवास भिंगापुरता पुन्हा करणे होय. परंतु त्यांना अ‍ॅपर्चर नसते, कारण प्रोजेक्टरला प्रकाश कमी करण्याचे कारण पडत नाही. फोकसची कडीही नसते, कारण ते काम प्रोजेक्टरचा पकडसाचा करत असे. आणि नळीवर आटे नसून ती नुसती गुळगुळीत असते. म्हणून नळीभोवती आवळपट्टा बसवून तो हेलिकॉइडवर, म्हणजे फिरवले की लांबी कमी-जास्त होणाऱ्या दुहेरी आट्यांच्या नळीवर, चढवावा लागतो. एम-४२ प्रमाणे इथे ठरलेले फ्लँज अंतर नसल्याने नुसती वजाबाकी पुरत नाही, आधी माप घ्यावे लागते. लेन्स हातात धरून दूरच्या झाडाची प्रतिमा पांढऱ्या कागदावर स्वच्छ उमटेपर्यंत मागे-पुढे करायची, लेन्सच्या मागच्या कडेपासून कागदापर्यंतचे अंतर मोजायचे, त्यातून कॅमेऱ्याचे १८ किंवा २० मिलिमीटर वजा करायचे आणि उरलेले माप लेथवाल्याला थोडे आखूड करूनच सांगायचे.